तिसऱ्या आग्रहाचा करार

उल्हास पेंढारकर केंद्र सरकारच्या एका खात्यात अवर सचिव होता. खातं परदेशी व्यापाराचं होतं, पण उल्हासने स्वतः आयुष्यात व्यापार म्हणून काही केलं असेल तर दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या घरातली रद्दी विकली होती, आणि तीही रद्दीवाला म्हणेल त्या भावाने. घासाघीस त्याला जमत नसे. मागणं तर त्याहून जमत नसे.

महिन्यापूर्वी सहसचिव जयदीपसरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि फाईलवरची नजर न काढता विचारलं, "उल्हासजी, पुणे ऑफिस में जगह हो रही है। जाओगे?"

उल्हास आणि त्याची बायको विजयालक्ष्मी कित्येक वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो प्रश्न असा, चहा घेणार का म्हणावं तसा, समोर आला. उल्हासला आनंदाने घाम फुटला. आणि तोंडातून निघालं, "नहीं नहीं सर, आपके साथ ही ठीक है।"

आता आपल्याकडच्या कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल, की हे काही उत्तर नव्हे. ही नुसती सुरुवात आहे. यावर समोरच्याने "अहो, जा हो, घरची वाट बघत असतील" म्हणायचं. आपण "छे छे, इथली कामं कोण बघणार" म्हणायचं. मग त्याने तिसऱ्यांदा आग्रह करायचा आणि आपण "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" असं पुटपुटत मान तुकवायची. लहानपणी उल्हास कुणाकडे जायला निघाला, की त्याची आई डोळे वटारून बजावत असे, पहिल्यांदा काही दिलं तर हात पुढे करायचा नाही. ते बाळकडू चाळीस वर्षांत उतरलं नव्हतं. पण जयदीपसर मूळचे लुधियान्याचे असले तरी परदेशातून व्यवस्थापन शिकून आले होते. एक प्रश्न, एक उत्तर, पुढची फाईल. ते "गुड" म्हणाले आणि त्यांनी पुढची फाईल ओढली.

घरी विजयालक्ष्मी स्टीलचे डबे खोक्यांत भरत होती, कारण पुण्यात जागा होणार ही कुणकुण तिला आधीच लागली होती. पुण्यात तिची आई एकटी राहत होती आणि आताशा फोनवर तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लागली होती. उल्हासने घडलेलं सांगितलं तेव्हा विजयालक्ष्मीने हातातला डबा खाली ठेवला आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ऑर्डर निघायला अजून वेळ आहे. त्यांनी पुन्हा विचारलं तर सरळ हो म्हण. जीभ रेटत नसेल तर मान हलव. पण हो म्हण."

उल्हासने कबूल केलं. खोकी तशीच अर्धवट भरलेली हॉलमध्ये राहिली. आता सगळी आशा गुरुग्रामच्या परिषदेवर होती. ती पार पडली, सर खूश झाले, की ते पुन्हा विचारतील असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

ही परिषद म्हणजे आपला देश आणि उत्तरेकडचा एक थंड देश यांच्यातली व्यापारबोलणी. त्या देशाचं नाव मी घेत नाही, कारण त्यांच्याशी आपले संबंध सध्या चांगले आहेत. त्यांना त्यांचं चीज आपल्याला विकायचं होतं, आपल्याला आपले नटबोल्ट त्यांच्या पवनचक्क्यांना विकायचे होते. इतकी सोपी गोष्ट. पण दोन्ही सरकारं आणि दोन्हीकडचे उद्योगपती एका टेबलाशी बसवायचे, तर सोपं काही राहत नाही.

गेल्या वर्षी हेच सगळं झालं होतं आणि फसलं होतं. आपल्या मंडळींनी पाहुण्यांना इतका आग्रह केला, की त्यांचे मुख्य वाटाघाटीकार दुपारनंतर चर्चेला बसण्याऐवजी सलाईनवर होते. उलट पाहुण्यांनी आपल्या उद्योगपतींनी पुढे केलेली मिठाई एका शब्दात नाकारली, तेव्हा फरीदाबादचे नटबोल्टवाले विनायक गोयल इतके दुखावले, की त्यांनी किमतीच वाढवून सांगितल्या. दोन्ही बाजूंनी धडा घेतला. या वेळी जयदीपसरांनी उल्हासला सांगितलं, की आपल्या लोकांसाठी शिष्टाचाराची एक पुस्तिका तयार करा. उल्हासने केली. तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलं, की हे पाहुणे सरळमार्गी आहेत. त्यांना काहीही एकदाच विचारायचं आणि ते नाही म्हणाले तर विषय तिथेच संपवायचा.

त्याच आठवड्यात त्या देशाच्या वकिलातीतून विनंती आली, की आमच्याही लोकांना भारतीय रीतभात शिकवा. तीही फाईल फिरत फिरत उल्हासकडेच आली. त्याने दोन दुपारी ऑनलाइन वर्ग घेतले आणि मनापासून शिकवलं, की आमच्याकडे पहिल्यांदा दिलेलं कुणी घेत नाही. घेतलं तर माणूस हावरट ठरतो. दोनदा नको म्हणा, तिसऱ्यांदा घ्या. मध्येच आमच्यातलंच कुणीतरी येऊन कानाशी लागेल, की लाजू नका, घ्या; तरीही बधू नका.

ही दोन्हीकडची माणसं एकाच खोलीत समोरासमोर बसणार आहेत, हे उल्हासच्या डोक्यात आलं नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोन फायली वेगळ्या होत्या, आणि दोन फायली कधी एकमेकींना भेटत नाहीत असाच त्याचा आजवरचा अनुभव होता.

परिषदेच्या दिवशी गुरुग्रामच्या त्या हॉटेलात हवा शुद्ध करणारी यंत्रं घरघरत होती आणि खिडकीबाहेर काहीही दिसत नव्हतं. चर्चेचं सूत्रसंचालन करायला गुरुग्रामच्याच एका कंपनीतली केतकी नावाची मुलगी आली होती. पुण्याची, तरतरीत, हातात रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे. तिने सगळ्यांना आपापल्या आवडत्या प्राण्याचं नाव चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवायला लावलं. गोयलसाहेबांनी "म्हैस" लिहिलं. आपला माल आणि त्यांचा माल यांचं संतुलन असं त्यात काहीतरी आहे, असं केतकीने सगळ्यांना समजावलं.

मग चहा आला. जयदीपसरांनी पाहुण्यांच्या प्रमुख श्रीमती होल्म यांना विचारलं, चहा घेणार का. श्रीमती होल्म उंच, पांढऱ्या केसांच्या, शिस्तीच्या बाई. त्यांनी छातीवर हात ठेवून, मान तिरकी करून, वर्गात शिकवलं होतं अगदी तस्सं, नको म्हटलं. जयदीपसरांनी मान डोलावली आणि वेटरला खूण केली. सगळ्या टेबलावरचा चहा परत गेला. पाहुणे त्या ट्रॉलीकडे दाराबाहेर जाईपर्यंत बघत राहिले.

पाण्याचंही तेच झालं. उल्हास मागच्या रांगेत बसला होता. त्याला आपले ऑनलाइन वर्ग तेव्हाच आठवले.

कामाला सुरुवात झाली. जयदीपसरांनी उदारपणे सांगितलं, की चीजवरचा आयात कर आम्ही निम्मा करायला तयार आहोत. ही फार मोठी गोष्ट होती. पाहुण्यांच्या बाजूच्या एका तरुणाने आनंदाने शेजाऱ्याचा हात दाबला. श्रीमती होल्म मंद हसल्या आणि म्हणाल्या, छे छे, एवढं कशाला. जयदीपसर म्हणाले, ठीक आहे, आणि त्यांनी कागदावरचं ते कलम खोडलं. दुसरं कलम बंदरांतल्या तपासणीचं. नको, तुम्हाला त्रास. खोडलं. तिसरं, त्यांच्या कंपन्यांना फरीदाबादेत जमीन. आम्हाला कशाला एवढी. खोडलं. चहाची वेळ सरायच्या आत दोन देशांमधले सगळे व्यापारी प्रश्न मिटले, म्हणजे सगळे प्रस्ताव संपले.

गोयलसाहेबांनी आपल्या बाजूने नटबोल्ट स्वस्तात देऊ केले. श्रीमती होल्मनी तेही हात जोडून नाकारले. गोयलसाहेबांना गेल्या वर्षासारखंच वाईट वाटलं, पण या वर्षी पुस्तिका वाचलेली असल्यामुळे ते गप्प बसले आणि टेबलावरच्या वाटीतली बडीशेप खाऊ लागले.

उल्हास उठून पुढे गेला आणि जयदीपसरांच्या कानाशी वाकून म्हणाला, की सर, एकदा परत विचारून बघा. सरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्याने टेबलावर पाय ठेवला. मग त्यांनी पुस्तिका उघडून त्याला त्याचंच वाक्य बोटाने दाखवलं. उल्हासला सगळं खरं सांगून टाकावंसं वाटलं. मी त्यांना नेमकं उलटं शिकवलंय, सर, चूक माझी आहे. पण डोळ्यांपुढे हॉलमधली ती अर्धवट भरलेली खोकी आली आणि तो मागे सरला. चूक केलेल्या माणसाला कुणी पुण्याला पाठवत नाही.

म्हणून तो टेबलाला वळसा घालून श्रीमती होल्मकडे गेला आणि हळूच म्हणाला, की बाई, लाजू नका, आता घेऊन टाका. श्रीमती होल्मचे डोळे चमकले. त्यांनी त्याला सांगितलं, की तुम्ही म्हणाला होतात असं कुणीतरी येईल, आणि आम्ही बधणार नाही. मग आपल्या सहकाऱ्यांकडे वळून त्यांनी विजयी मुद्रेने काहीतरी सांगितलं आणि त्या सगळ्यांनी उल्हाससाठी टाळ्या वाजवल्या.

केतकीला त्याने मराठीत विनवलं, की तू तरी काही कर. ती म्हणाली, "सर, प्रोसेसवर ट्रस्ट ठेवा ना. एनर्जी थोडी लो आहे, बाकी अलाइनमेंट बिल्कुल परफेक्ट आहे." आणि तिने सगळ्यांना उभं करून हात वर करायला लावले.

मग जेवण आलं. पाहुण्यांसाठी बसून जेवायची व्यवस्था होती. पुऱ्या, पनीर, उंधियू, गुलाबजाम, सगळा देश टेबलावर मांडला होता. वेटरांनीही पुस्तिका वाचली होती. प्रत्येकाने प्रत्येकाला एकदाच विचारलं, प्रत्येक पाहुण्याने सभ्यपणे नको म्हटलं आणि वेटर हात मागे बांधून भिंतीला लागून उभे राहिले. पाहुणे जेवत नाहीत म्हटल्यावर यजमान कसे जेवणार? तेही बसून राहिले. दोन देशांची निवडक माणसं भरल्या भांड्यांसमोर, रिकाम्या ताटल्या मांडून, एकमेकांकडे बघून हसत होती. पुऱ्या बसू लागल्या. पनीरवर तुपाचा थर धरला. गोयलसाहेबांना साखरेचा त्रास होता. त्यांचा हात थरथरू लागला, तरी त्यांनी पाहुण्यांकडे बघत हसू कायम ठेवलं. पाहुण्यांमधला तो आनंदी तरुण हात धुवायच्या मिषाने उठला आणि उल्हासने त्याला दाराशी सजावटीच्या परडीतलं संत्रं सालासकट खाताना पाहिलं.

उल्हास बाहेरच्या गॅलरीत गेला आणि त्याने विजयालक्ष्मीला फोन लावला. सगळं सांगितलं. पुस्तिका, वर्ग, चहा, चीज, संत्रं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तू काय करतोयस?"

"मी काय करणार?"

"वाढ की. गणपतीत मंडळात दरवर्षी कोशिंबीर वाढतोस ना? तुला आयुष्यात तेवढंच एक धड येतं. जा आणि वाढ."

हे खरं होतं. दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळाच्या महाप्रसादाला उल्हासच्या हातात भांडं आलं, की तो वेगळाच माणूस व्हायचा. स्वतःसाठी मागताना जे धैर्य त्याच्या अंगात कधी आलं नाही, ते दुसऱ्याच्या पानात काही घालताना आपोआप यायचं. तो आत आला. कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या सारल्या आणि वेटरच्या हातून पुऱ्यांची परडी काढून घेतली. जयदीपसर अर्धवट उठले. उल्हास श्रीमती होल्मसमोर कमरेत वाकून उभा राहिला.

"मॅडम, पुरी."

श्रीमती होल्म म्हणाल्या, नको.

"एक. लहानातली लहान."

नको, खरंच नको. पण या वेळी त्यांची नजर परडीवरच होती.

"माझ्यासाठी," उल्हास म्हणाला. "हाताला चव असते असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या हातची एक."

श्रीमती होल्मनी डोळे मिटले आणि हो म्हटलं. उल्हासने चार पुऱ्या टाकल्या. बाईंनी पहिल्या पुरीचे दोन घास केले. टेबलाच्या त्या बाजूने, एखाद्या मोठ्या कुटुंबात लग्न ठरल्याची बातमी यावी, तसा सुस्कारा उठला.

मग उल्हास थांबला नाही. पनीर, भात, उंधियू. प्रत्येकापाशी तीनदा, प्रत्येकाला वेगळं कारण. तुमच्या आईसाठी. आमच्या पवनचक्कीसाठी. तुम्ही एवढ्या लांबून आलात त्यासाठी. "सावकाश होऊ द्या," तो मराठीतच म्हणत होता आणि सावकाश मुळीच होऊ देत नव्हता. गोयलसाहेबांच्या तोंडात त्याने अर्धा गुलाबजाम स्वतःच्या हाताने घातला आणि त्यांचा थरथरणारा हात थांबला. शेवटी पंगत उठली तेव्हा भांडी घासून ठेवल्यासारखी स्वच्छ होती. वाढणारे शेवटी जेवतात, ही मंडळातली रीत. पण इथे शेवटी काही उरलंच नव्हतं. उल्हासला त्याचं काही वाटलं नाही. कित्येक दिवसांत तो इतका सुखी झाला नव्हता.

जयदीपसर हे सगळं बारकाईने बघत होते. परदेशात शिकलेल्या माणसाला एखादी पद्धत पटली, की तो ती पुरती उचलतो. दुपारच्या सत्रात त्यांनी खोडलेलं पहिलं कलम पुन्हा काढलं. चीजवरचा कर निम्मा. नको. अहो, निम्मा तर आहे. नको हो. माझ्यासाठी. हो. टाळ्या पडल्या. मग बंदरं, मग जमीन, मग नटबोल्ट. सरांना आता रंग चढला होता. निम्म्यावर भागेना, ते आणखी पाच टक्के वाढू लागले. श्रीमती होल्मही काही कमी नव्हत्या. त्यांनी उलट आग्रह सुरू केला आणि गोयलसाहेबांना, ज्यांचा चीजशी काही संबंध नव्हता, तिसऱ्या आग्रहाला सतरा कंटेनर चीज घ्यावं लागलं. संध्याकाळी सह्या झाल्या तेव्हा करारात दोन्ही बाजूंना हवं होतं त्याच्या दुप्पट होतं. केतकीने भिंतीवरची म्हैस सोडवून आठवण म्हणून श्रीमती होल्मना दिली. त्यांनी ती तिसऱ्यांदा घेतली.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर जयदीपसर पोर्चमध्ये उल्हासच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. शेजारी गोयलसाहेब गाडीची वाट बघत होते. उल्हासने मनाशी उजळणी केली. आता विचारतील. सरळ हो म्हणायचं. जीभ नाही रेटली तर मान हलवायची.

"उल्हासजी," सर म्हणाले, "आज मैंने आपका कल्चर समझ लिया। ऐसा आदमी पुणे में सड़ेगा? बिल्कुल नहीं। यहीं दिल्ली में नया सेल बनेगा, आप हेड। तीन साल।"

 पण उल्हासने विजयालक्ष्मीला शब्द दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वरिष्ठांच्या डोळ्यांत बघितलं आणि स्पष्ट म्हटलं, "नहीं सर। मुझे पुणे जाना है।"

जयदीपसर हसले. त्यांनी एक बोट वर केलं आणि गोयलसाहेबांना डोळा घातला.

"सर, सचमुच। मेरी वाइफ, उनकी माँ वहाँ अकेली हैं। मैं हाथ जोड़ता हूँ।"

सरांनी दुसरं बोट वर केलं. सर आपले नकार मोजताहेत हे उल्हासच्या लक्षात आलं. आता तिसऱ्यांदा नाही म्हटलं तरी गेलं, गप्प बसलं तरी गेलं, हो म्हटलं तर गेलंच. तरी तो म्हणाला. जवळजवळ रडत म्हणाला, की नाही सर, नको, मला नको आहे.

"देखा गोयलसाब?" जयदीपसर गहिवरले होते. "तीसरी बार भी। इसको कहते हैं संस्कार। मेरे लिए, उल्हासजी। मेरे लिए।" आणि त्यांनी तिथल्या तिथे फोनवर ऑर्डर काढायला सांगितली. पुण्याला खात्यातल्या विनयला पाठवतोय, म्हणाले. त्याला एकदाच विचारलं, लगेच हो म्हणाला. काही रीतभातच नाही त्या माणसाला.

गोयलसाहेबांनी उल्हासचं अभिनंदन केलं आणि एक कंटेनर चीज घरी पाठवू का विचारलं. उल्हास पायऱ्या उतरला.

तो मेट्रोने घरी आला. विजयालक्ष्मी हॉलमध्येच होती. खोकी आता पूर्ण भरलेली होती, वर चिकटपट्टी लावलेली होती. दुपारच्या फोननंतर तिने आशेने सगळं आवरलं असणार. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यानेच सांगितलं, पोर्चमधली बोटं, सगळं. ती ऐकत होती. "मी या वेळी खरंच नको म्हटलं गं," तो म्हणाला.

"पहिल्यांदा खरं बोलला असतास तर पुरे होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. मग तिने एका खोक्याची पट्टी फाडली, दोन ताटल्या काढल्या आणि स्वयंपाकघरात गेली.

वरणभाताचा वास आला तेव्हा उल्हासला आठवलं, की सकाळपासून आपल्या पोटात काही नाही. दोन देश जेवले होते, वाढणारा राहिला होता. विजयालक्ष्मी पातेलं घेऊन आली, भाताचा डाव त्याच्या ताटलीवर धरला आणि विचारलं, "वाढू?"

आणि एवढं रामायण घडवून आलेला माणूस, भुकेने डोळ्यांपुढे अंधारी आलेली असताना, सवयीने म्हणाला, "नको गं, तू बस आधी."

ती डाव तसाच धरून क्षणभर उभी राहिली. मग तिने भात परत पातेल्यात टाकला, वर झाकण ठेवलं आणि आत घेऊन गेली. उल्हास रिकामी ताटली पुढे घेऊन बसला. ती पुन्हा विचारायला येईल म्हणून तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. आत नळ सुरू झाला, भांडी विसळल्याचा आवाज आला आणि मग दिवा बंद झाला.